फुप्फुसकर्करोगाचे निदान व रेणवीय परीक्षण : प्रादेशिक इतिहास

श्वासनलिकांच्या अस्तरातील किंवा फुप्फुसाच्या वायुकोशांतील कोशिकांपासून (पेशींपासून) उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदास फुप्फुसाचा कर्करोग म्हणतात. तो परिफुप्फुसात (फुप्फुसावरील आवरणात), दुसऱ्या फुप्फुसात किंवा यकृत, हाडे, मेंदू यांसारख्या दूरच्या इंद्रियांत पसरला म्हणजे त्याची प्रगत अवस्था झाली असे मानतात. या अवस्थेत शस्त्रक्रियेने रोग समूळ काढता येत नाही. अर्बुदाच्या कोशिकांतील जनुकांत कोणते बदल झाले आहेत, हे प्रयोगशाळेत शोधणे म्हणजे रेणवीय परीक्षण होय. २००४ पासून प्रगत फुप्फुसकर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांचा उपचार या परीक्षणावर ठरू लागला. हे जनुकीय बदल जगाच्या सर्व भागांत सारख्या प्रमाणात आढळत नाहीत, तसेच ते शोधण्याची सोयही सर्वत्र सारखी नाही. बदल कोठे अधिक आहेत याचा नकाशा आणि परीक्षण कोठे होते याचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे असून ते एकमेकांशी जुळत नाहीत. या रोगाच्या अलीकडील इतिहासातील बहुतेक वाद या विसंगतीतून निर्माण झालेले आहेत.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या रोगाचे सु. २४ लाख ८० हजार नवे रुग्ण आढळले आणि सु. १८ लाख रुग्ण दगावले. त्या वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या ८० हजारांहून अधिक होती. कर्करोगामुळे होणाऱ्या मृत्यूंत या रोगाचा क्रम पहिला लागतो. तो प्रारंभी फारशी लक्षणे दाखवीत नाही व बहुसंख्य रुग्ण प्रगत अवस्थेतच डॉक्टरांपुढे येतात, हे त्याचे मुख्य कारण होय.

प्रारंभीचा काळ : प्रदेशाशी असलेला या रोगाचा संबंध प्रथम खाणींत लक्षात आला. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात श्नेबेर्ख येथील कोबाल्ट व बिस्मथाच्या खाणींत काम करणारे लोक छातीच्या एका असाध्य विकाराने मरत असत. त्यास तेथे ‘डोंगराचा रोग’ म्हणत. एफ्‌. एच्‌. हेर्टिंग व व्हाल्टर हेस या वैद्यांनी १८७९ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे हा विकार फुप्फुसातील मारक अर्बुद असल्याचे दाखविले. खाणकामगारांच्या एकूण मृत्यूंपैकी सु. तीन-चतुर्थांश मृत्यू त्यामुळेच होत, असे त्यांना आढळले. (सूक्ष्मजंतूंच्या संवर्धनासाठी आगरचा वापर ज्यांच्या पत्नीने सुचविला, ते हेस हेच.) खाणीतील हवेत असणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू या रोगास कारणीभूत असल्याचे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

खाणींबाहेर मात्र हा रोग विरळा समजला जाई. अमेरिकन वैद्य आयझाक ॲड्‌लर यांनी १९१२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून त्यांना केवळ ३७४ रुग्णांची नोंद मिळाली. इतक्या दुर्मिळ विकारावर ग्रंथ लिहिणे योग्य आहे काय, अशी शंका त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत व्यक्त केली होती. हा आकडा मात्र सावधपणे घेतला पाहिजे. त्या काळी निदानाची साधने इतकी तोकडी होती की, अनेकांचा रोग क्षय किंवा फुप्फुसशोथ या नावाखालीच नोंदला गेला असला पाहिजे. निदान होत नाही म्हणून रोग नाही, असा समज होणे ही या विषयातील जुनी चूक असून ती पुढेही वारंवार झालेली दिसते.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. १८९७ मध्ये फ्रायबुर्ख येथे गुस्टाफ किलिआन यांनी नळीच्या साहाय्याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा काढला आणि श्वासनलिकेत डोकावून पाहण्याचा मार्ग खुला केला. ही नळी ताठ असल्याने फुप्फुसाच्या दूरच्या शाखांपर्यंत ती पोहोचत नसे. टोकिओच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंचा लवचिक श्वासनलिकादर्शक तयार करवून घेतला व तो १९६६ मध्ये कोपनहेगन येथील परिषदेत दाखविला. त्यानंतर अर्बुदाचा लहानसा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे (जीवोतक परीक्षा) पुष्कळ सोपे झाले. १९७० नंतरच्या दशकात संगणकीय छेददर्शन उपलब्ध झाले आणि बाहेरून सुई घालून अर्बुदाचा तुकडा नेमकेपणाने काढता येऊ लागला. हे तुकडे फार लहान असतात. त्या काळी त्यामुळे अडचण येत नसे, पण रेणवीय परीक्षण सुरू झाल्यावर हीच गोष्ट मोठी अडचण ठरली.

धूम्रपान व रोगाचे वर्गीकरण : १९३३ मध्ये सेंट लूइस येथे एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढले. १९५० मध्ये त्यांनी अर्न्‌स्ट विंडर यांच्या समवेत आणि इंग्लंडमध्ये त्याच वर्षी रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट व फुप्फुसकर्करोग यांचा संबंध प्रस्थापित केला. ग्रॅहॅम स्वतः दीर्घकाळ धूम्रपान करीत असत व १९५७ मध्ये ते याच रोगाने मरण पावले. मुंबईत डी. जे. जस्सावाला व डी. के. जैन यांनी १९७९ मध्ये बृहन्मुंबईतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून बिडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी नाही, हे दाखविले. भारतापुरता हा निष्कर्ष महत्त्वाचा होता, कारण बिडी ही निरुपद्रवी देशी वस्तू आहे असा समज तोपर्यंत सर्वत्र होता.

धूम्रपानाचा सिद्धांत निर्विवाद आहे. तथापि त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. हा रोग म्हणजे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग, अशी ठाम कल्पना वैद्यकात रूढ झाली. पूर्व आशियातील धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत हा रोग बऱ्याच प्रमाणात आढळतो, ही गोष्ट ज्ञात असूनही ती केवळ अपवाद म्हणून बाजूला ठेवली गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेनुसार या रोगाचे लघुकोशिकी व अलघुकोशिकी असे दोन मोठे प्रकार पाडतात. अलघुकोशिकी प्रकारात ग्रंथिकर्करोग व शल्ककोशिकी कर्करोग हे उपप्रकार प्रमुख आहेत. एकूण रुग्णांपैकी सु. ८५ टक्के रुग्ण अलघुकोशिकी प्रकाराचे असतात. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या प्रकारातील सर्व प्रगत रुग्णांना जवळजवळ एकाच प्रकारची औषधे देत. त्यामुळे उपप्रकार नेमका ओळखण्याची विकृतिवैज्ञानिकाला निकड भासत नसे आणि ‘अलघुकोशिकी कर्करोग’ एवढाच शेरा पुरेसा मानला जाई.

जेफिटिनिब व जपान : अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोएन यांनी १९६२ मध्ये उंदराच्या लाळग्रंथींतून अधित्वचेच्या वाढीस उत्तेजन देणारे एक प्रथिन वेगळे केले. त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक (रीता लेव्ही-माँताल्चीनी यांच्या समवेत) मिळाले. हे प्रथिन कोशिकेच्या पृष्ठभागावरील ज्या रेणूस चिकटते, त्या ग्राहीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईजीएफआर’ म्हणतात. या ग्राहीचा आतील भाग टायरोसीन कायनेज या एंझाइमाचे कार्य करतो व कोशिकेला विभाजनाचा संदेश देतो. हे एंझाइम रोखणारे जेफिटिनिब हे तोंडाने घेण्याचे औषध तयार झाले. त्याला जुलै २००२ मध्ये सर्वप्रथम जपानने व मे २००३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली.

या औषधाची वागणूक चमत्कारिक होती. बहुतेक रुग्णांना त्याचा काहीच उपयोग होत नसे. पण थोड्या रुग्णांत काही दिवसांतच धाप थांबून अर्बुद वितळल्यासारखे नाहीसे होई. प्रारंभीच्या एका चाचणीत जपानी रुग्णांपैकी सु. २८ टक्क्यांना, तर इतर देशांतील रुग्णांपैकी सु. १० टक्क्यांनाच औषध लागू पडले. स्त्रिया, धूम्रपान न करणारे व ग्रंथिकर्करोगाचे रुग्ण यांत हा गुण विशेषत्वाने दिसे. असे का होते हे कोणालाच सांगता येत नव्हते. दुसऱ्या बाजूला, मान्यता मिळताच जपानमध्ये हे औषध हजारो रुग्णांना सरसकट दिले गेले आणि त्यांतील काहींना फुप्फुसाचा तीव्र दाह झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तेथे तातडीचा धोक्याचा इशारा काढावा लागला. पहिल्या काही महिन्यांतच शंभराहून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि पुढे रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले दावे २०१३ पर्यंत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालले. औषध कोणाला द्यावयाचे हे ठरविण्याची कसोटी नसताना ते वापरात आणण्याची ही किंमत होती.

२००४ चा शोध : ही कसोटी बॉस्टन येथील दोन संशोधक गटांना एकाच वेळी सापडली. मॅसॅचूसेट्‌स जनरल रुग्णालयातील गटाने औषध लागू पडलेल्या नऊ रुग्णांची अर्बुदे तपासली. त्यांपैकी आठांत ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन आढळले. डेना-फार्बर कर्करोग संस्थेतील गटाने ११९ अर्बुदे तपासली. त्यांतील ५८ नमुने जपानमधील नागोया येथून मागविलेले व ६१ अमेरिकेतील होते. जपानी नमुन्यांपैकी १५ मध्ये, तर अमेरिकन नमुन्यांपैकी केवळ एकात उत्परिवर्तन सापडले. न्यूयॉर्क येथील तिसऱ्या गटाने त्याच वर्षी धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांत हे उत्परिवर्तन अधिक असल्याचे दाखविले.

वैद्यकाच्या इतिहासात ही घटना थोडी वेगळी आहे. सामान्यतः रोगाचे कारण आधी कळते आणि त्याचे भौगोलिक वितरण मागाहून अभ्यासले जाते. येथे औषधाच्या गुणातील प्रादेशिक फरकाने संशोधकांना जनुकाकडे नेले. हे नमुने एकाच देशातील असते, तर शोधास आणखी किती काळ लागला असता हे सांगणे कठीण आहे.

या जनुकातील बहुतेक उत्परिवर्तने दोनच प्रकारची असतात. एकोणिसाव्या एक्झॉनमधील (जनुकाच्या प्रथिन-सांकेतिक खंडामधील) छोटासा तुकडा गळून पडणे हा पहिला प्रकार आणि एकविसाव्या एक्झॉनमध्ये ८५८ व्या स्थानी ल्यूसिनाच्या जागी आर्जिनीन हे ॲमिनो अम्ल येणे हा दुसरा. या बदलांमुळे ग्राही सतत कार्यान्वित राहतो व अर्बुद सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून ग्राही रोखताच कोशिका मरतात.

तरीही परीक्षणाविना, केवळ रुग्णाच्या बाह्य लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत चालूच राहिली. हाँगकाँगमधील टोनी मोक यांच्या नेतृत्वाखाली पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत सर्व रुग्ण आशियाई, ग्रंथिकर्करोगाचे आणि धूम्रपान न करणारे किंवा पूर्वी अगदी अल्प करणारे असेच निवडले होते. म्हणजे बाह्य लक्षणांवरून याहून चांगली निवड शक्य नव्हती. ज्यांचे जनुक तपासता आले अशा ४३७ रुग्णांपैकी २६१ मध्ये, म्हणजे सु. ६० टक्क्यांत, उत्परिवर्तन आढळले. अशा रुग्णांपैकी ७१ टक्क्यांना जेफिटिनिब लागू पडले. उरलेल्या उत्परिवर्तनहीन रुग्णांपैकी जेमतेम एक टक्का लोकांना त्याचा उपयोग झाला; नेहमीच्या रासायनी चिकित्सेने मात्र त्यांच्यापैकी सु. २४ टक्क्यांना गुण आला होता. याचा अर्थ, वंश, लिंग व सवयी पाहून केलेल्या उत्कृष्ट निवडीतही दर पाच रुग्णांमागे दोघांना चुकीचे औषध मिळाले असते. हे औषध त्यांना निरुपयोगीच नव्हे, तर योग्य उपचाराचा वेळ घालविणारे म्हणून अपायकारकही ठरले असते.

उत्परिवर्तनांचे वितरण : २०१४ मध्ये आशियातील सात प्रदेशांतील १,४८२ ग्रंथिकर्करोग रुग्णांची एकाच पद्धतीने केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ईजीएफआर उत्परिवर्तनाचे प्रमाण एकूण सु. ५१ टक्के भरले. प्रदेशवार ते व्हिएटनाम ६४, तैवान ६२, थायलंड ५४, फिलिपीन्स ५२, चीन ५०, हाँगकाँग ४७ व भारत २२ टक्के असे होते. यूरोप-अमेरिकेतील गौरवर्णीय रुग्णांत हे प्रमाण सामान्यतः १० ते १५ टक्के आढळते.

भारताचा आकडा येथे लक्षणीय आहे. औषधनिर्मात्यांच्या व अनेक वैद्यांच्या बोलण्यात ‘आशियाई रुग्ण’ असा जो सरसकट शब्दप्रयोग येतो, त्यात भारत बसत नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये ९०७ भारतीय ग्रंथिकर्करोग रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. तीतही प्रमाण सु. २३ टक्केच होते. आशियाई म्हणून भारतीय रुग्णाला परीक्षण न करता जेफिटिनिब दिले, तर चारांपैकी तिघांच्या बाबतीत निर्णय चुकतो. याउलट, प्रमाण कमी आहे म्हणून परीक्षणच टाळले, तर चौथ्या रुग्णावर अन्याय होतो.

लॅटिन अमेरिकेतील आकड्यांनी पूर्व-पश्चिम ही सोयीची विभागणी आणखी ढासळविली. तेथील पाच हजारांवर रुग्णांच्या २०१५ मधील अहवालात उत्परिवर्तनाचे प्रमाण अर्जेंटिनात १४, कोलंबियात २५, मेक्सिकोत ३४ व पेरूमध्ये ५१ टक्के आढळले. पेरूचा आकडा चीनच्या जवळपास आहे. मेक्सिको व कोलंबियातील रुग्णांच्या २०२१ मधील अभ्यासात, ज्या रुग्णाच्या जनुकसंचात अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा वारसा अधिक त्याच्या अर्बुदात हे उत्परिवर्तन अधिक, असे दिसून आले. धूम्रपानाचा हिशेब वेगळा करूनही हा संबंध टिकला. अर्जेंटिनातील कमी प्रमाणाचा उलगडा तेथील बहुसंख्य यूरोपीय वंशावरून होतो.

वंशाबरोबर परिस्थितीचाही वाटा असतो. चीनच्या युनान प्रांतातील श्वानवै परगण्यात धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत फुप्फुसकर्करोगाचे प्रमाण जगात अत्यंत अधिक आहे. तेथील स्त्रिया धुराड्याशिवायच्या चुलीवर अतिशय धूर करणारा दगडी कोळसा जाळीत. या धुराचा व रोगाचा संबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविला आणि चुलींना धुराडी बसविलेल्या घरांत पुढे रोगाचे प्रमाण घटल्याचे आढळले. या परगण्यातील अर्बुदांत ईजीएफआर जनुकाची अन्यत्र विरळा असणारी उत्परिवर्तने बऱ्याच प्रमाणात सापडतात. भारतात मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात फुप्फुसकर्करोगाचे प्रमाण देशात सर्वाधिक असणाऱ्या ठिकाणांपैकी असून ते पुरुषांत व स्त्रियांत जवळजवळ सारखेच आहे. तेथे स्त्रियांतही तंबाखूचे सेवन पूर्वापार रूढ आहे.

२००७ मध्ये जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठातील हिरोयुकी मानो यांच्या गटाने दोन जनुके जोडली जाऊन बनणारा ‘एएलके’ हा दुसरा बदल शोधला. तो सु. ३ ते ५ टक्के रुग्णांत असतो. त्यावरील क्रिझोटिनिब या औषधाला अमेरिकेने २०११ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर आरओएस-१, बीआरएएफ, आरईटी, एमईटी इ. जनुकांची भर पडत गेली. केआरएएस हे जनुक दीर्घकाळ औषधांना अभेद्य मानले जात होते. त्याच्या एका विशिष्ट उत्परिवर्तनावरील पहिले औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हे उत्परिवर्तन धूम्रपान करणाऱ्यांत व पाश्चात्त्य देशांत अधिक आढळते. म्हणजे ईजीएफआरच्या नकाशाच्या ते जवळजवळ उलट आहे.

परीक्षणाची पद्धती : काढलेला तुकडा फॉर्मालिनात टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात व त्याचे पातळ काप घेतात. त्यांतून डीएनए वेगळे करून प्रारंभी त्याचे थेट क्रमनिर्धारण करीत. त्यासाठी तुकड्यातील पुष्कळशा कोशिका कर्करोगाच्या असाव्या लागत. पॉलिमरेज शृंखला विक्रियेवर आधारलेल्या पद्धती याहून संवेदनक्षम असल्या, तरी त्या आधी ठरविलेलीच उत्परिवर्तने शोधतात. एकाच वेळी अनेक जनुकांचे क्रमनिर्धारण करणाऱ्या यंत्रांमुळे ही मर्यादा दूर झाली. मात्र त्यांचा खर्च अधिक असतो व निर्वचनासाठी प्रशिक्षित माणसे लागतात.

परीक्षणातील खरे अपयश अनेकदा यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वीच घडते. तुकडा फार लहान असतो आणि उपप्रकार ठरविण्याच्या निरनिराळ्या रंजनांत तो संपून जातो. हाडातून काढलेला तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र अम्लात ठेवला, तर डीएनए नष्ट होते. फॉर्मालिनात तो दिवसेंदिवस पडून राहिल्यासही तेच होते. परिफुप्फुसात साचलेला द्रव काढून टाकून देण्याऐवजी त्यातील कोशिकांचा ठोकळा बनविला, तर दुसऱ्यांदा सुई टोचण्याची गरज राहत नाही. परंतु हे करण्याची पद्धत अनेक लहान रुग्णालयांत नाही.

अमेरिकेतील विकृतिवैज्ञानिकांच्या महाविद्यालयाने अन्य दोन संस्थांसह २०१३ मध्ये मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. लिंग, वंश किंवा धूम्रपानाचा इतिहास पाहून कोणत्याही ग्रंथिकर्करोग रुग्णास परीक्षणातून वगळू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आणि नमुना मिळाल्यापासून दोन आठवड्यांत निष्कर्ष द्यावा, अशी मर्यादा घातली. ज्या लक्षणांनी शोधाचा मार्ग दाखविला त्यांच्यावरच विसंबू नये, असा हा दंडक नऊ वर्षांत आला.

निरनिराळ्या देशांतील व्यवस्था : जपानने २००७ मध्ये ईजीएफआर परीक्षणाचा समावेश राष्ट्रीय आरोग्य विम्यात केला. विरळा बदल असलेले रुग्ण एका रुग्णालयात पुरेसे मिळत नाहीत. म्हणून २०१३ पासून देशभरातील रुग्णालयांचे नमुने एकत्र तपासण्याची योजनाही तेथे सुरू झाली.

फ्रान्सची व्यवस्था या बाबतीत विशेष अभ्यसनीय आहे. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००६ पासून देशात २८ प्रादेशिक रेणवीय प्रयोगशाळांचे जाळे उभारले. रुग्ण सरकारी रुग्णालयात असो की खाजगी, त्याचा नमुना आपल्या विभागातील प्रयोगशाळेकडे जातो व रुग्णाला खर्च पडत नाही. एप्रिल २०१२ ते एप्रिल २०१३ या एका वर्षात तेथे १७,६६४ अलघुकोशिकी रुग्णांचे सहा जनुकांसाठी परीक्षण झाले आणि सु. निम्म्या रुग्णांत कोणता ना कोणता बदल सापडला. ज्यांच्यात बदल सापडला ते रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगले. याच सुमारास अन्य अनेक देशांत परीक्षणाचा खर्च औषध विकणाऱ्या कंपन्या उचलीत होत्या. औषध विकले जाईपर्यंतच परीक्षण, असे त्याचे स्वरूप असल्याने ते टिकाऊ नव्हते. फ्रान्सने परीक्षण ही सार्वजनिक सेवा मानली, ही त्या योजनेतील खरी महत्त्वाची बाब होय.

इंग्लंडमध्ये २०१० साली उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांसाठी जेफिटिनिब सार्वजनिक आरोग्य सेवेत मान्य झाले. तथापि परीक्षण स्थानिक व्यवस्थेवर अवलंबून राहिल्याने विभागाविभागांत फरक पडत गेला. तो कमी करण्यासाठी २०१८ मध्ये सात मध्यवर्ती जननिक प्रयोगशाळा-केंद्रांची रचना व परीक्षणांची एकच राष्ट्रीय सूची करण्यात आली. अमेरिकेत वृद्धांच्या शासकीय विमा योजनेने २०१८ मध्ये प्रगत कर्करोगातील बहुजनुकी परीक्षणाचा खर्च मान्य केला. शोध जेथे लागला त्या देशातही, सामुदायिक कर्करोग-दवाखान्यांतील साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांच्या २०२२ मधील पाहणीत ९० टक्के रुग्णांचे एखादे तरी परीक्षण झाले होते. पण आवश्यक अशी पाचही परीक्षणे निम्म्याहून कमी रुग्णांची झाली होती. कृष्णवर्णीय रुग्णांचे बहुजनुकी परीक्षण गौरवर्णीयांपेक्षा कमी होते, असेही तेथील नोंदींवरून दिसते.

फुप्फुसकर्करोगाच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १०२ देशांतील अडीच हजारांवर तज्ञांकडून माहिती मागविली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६१ टक्के तज्ञांनी आपल्या देशातील निम्म्याहून कमी रुग्णांचे परीक्षण होते, असे सांगितले. खर्च, दर्जा, उपलब्धता, माहितीचा अभाव व निष्कर्षास लागणारा विलंब ही कारणे त्यांनी दिली. तज्ञांपैकी एक-तृतीयांश जणांना प्रचलित मार्गदर्शक नियम ठाऊक नव्हते. लॅटिन अमेरिकेतील स्थिती सर्वांत वाईट असल्याचे तीत दिसले. उत्परिवर्तनाचे प्रमाण चीनइतके असणारा पेरू याच भूभागात आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत प्रश्न याच्याही आधीचा आहे. तेथील काही देशांत दहा लाख लोकांमागे एकही विकृतिवैज्ञानिक नसल्याने सूक्ष्मदर्शकी निदानच दुर्लभ आहे. अशा प्रदेशांतील उत्परिवर्तनांचे जे थोडे आकडे मिळतात ते मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णांचे असतात.

भारतातील स्थिती : मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये स्थापन झाले. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून व राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत सुरू झाला. भारतातील निदानाची पहिली अडचण क्षय ही आहे. खोकला, रक्त पडणे, वजन घटणे व क्ष-किरण चित्रातील छाया ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी असतात. क्षय सर्वत्र आढळत असल्याने थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात. अनेक रुग्णांचे काही आठवडे किंवा महिने यात जातात आणि कर्करोगाचे निदान होईपर्यंत तो पसरलेला असतो. क्षयावरील औषधाने छाया कमी होत नसल्यास लवकर जीवोतक परीक्षा करावी, हा साधा नियम पाळला गेल्यास यातील बराच विलंब टळण्यासारखा आहे.

रोगाचे स्वरूपही पालटले आहे. पूर्वी भारतात शल्ककोशिकी प्रकार अधिक असे. टाटा स्मारक रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या २०१२ मधील अहवालात ग्रंथिकर्करोग सर्वाधिक आढळला आणि सु. निम्मे रुग्ण धूम्रपान न करणारे होते. रेणवीय परीक्षणाची गरज त्यामुळे वाढली. २०१० च्या सुमारास ते महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत व खाजगी प्रयोगशाळांत रूढ होऊ लागले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मेणाचा ठोकळा मुंबई, दिल्ली, बंगलोरसारख्या शहरी पाठवावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-आसामपर्यंतचे रुग्ण परळच्या रुग्णालयात येतात, तेव्हा बहुधा गावी केलेल्या परीक्षेचा ठोकळा त्यांच्यापाशी नसतो किंवा त्यात पुरेशा कोशिका उरलेल्या नसतात. मग पुन्हा तुकडा काढणे, निष्कर्षाची वाट पाहणे व तोपर्यंत दादरच्या धर्मशाळेत किंवा नातलगांकडे राहणे ओघानेच येते. प्रगत अवस्थेतील रुग्णाची प्रकृती दोन-तीन आठवड्यांतही झपाट्याने ढासळते. म्हणून निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच रासायनी चिकित्सा सुरू करावी लागते आणि कित्येकदा रुग्ण परत येत नाही.

औषधाच्या बाबतीत भारताची बाजू काहीशी सुकर आहे. जेफिटिनिब देशी कंपन्या स्वस्तात तयार करतात व २०१५ मध्ये त्याचा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या सूचीत समावेश झाला. त्यामुळे काही काळ औषध स्वस्त व परीक्षण महाग अशी विचित्र स्थिती उद्‌भवली आणि परीक्षणाविनाच गोळ्या देण्याचा मोह वाढला. टाटा स्मारक रुग्णालयाने उत्परिवर्तन असलेल्या ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जेफिटिनिबाबरोबर रासायनी चिकित्सा दिल्यास रोग पुन्हा वाढू लागण्यापूर्वीचा सरासरी काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. अर्थात या उपचाराचे दुष्परिणामही अधिक होते. महागडी नवी औषधे न परवडणाऱ्या देशांच्या दृष्टीने हे संशोधन उपयुक्त ठरले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात तीनशेहून अधिक रुग्णालये सामील असून उपचार व निदान यांचे समान नियम ठरविण्याचे काम ते करते.

रक्तातील अर्बुदजन्य डीएनए : अर्बुदाच्या कोशिका मरताना त्यांचे डीएनए अल्प प्रमाणात रक्तात उतरते. त्यावरून ईजीएफआर उत्परिवर्तन शोधणाऱ्या परीक्षेस अमेरिकेने जून २०१६ मध्ये मान्यता दिली. या पद्धतीत तुकडा काढावा लागत नाही आणि रक्ताची नळी दूरच्या प्रयोगशाळेत पाठविणे तुलनेने सोपे असते; त्यामुळे प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या प्रदेशांना ती सोयीची आहे. मात्र ही नळी विशिष्ट परिरक्षकाची असावी लागते; साध्या नळीत घेतलेले रक्त काही तासांत वेगळे केले नाही, तर पांढऱ्या कोशिकांच्या डीएनएमुळे निष्कर्ष बिघडतो. शिवाय रोग छातीपुरता असल्यास रक्तात पुरेसे डीएनए उतरत नाही. रक्तात उत्परिवर्तन आढळल्यास त्यावर विसंबून उपचार सुरू करता येतो, परंतु ते न आढळल्यास अर्बुदाचा तुकडा तपासल्याखेरीज उत्परिवर्तन नाही असे म्हणता येत नाही.